उमरग्याचा बडा दिन

एकटीनं नाताळ करायचा असेल तर पहिल्यांदा दाराला कडी घालावी. बाकीचं सगळं मागून.

हे मला कुणी शिकवलं नाही. उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि माझ्या माहितीत त्या गावात ख्रिस्ती म्हणावी अशी मी एकटीच. आईबाप वारलेले, पाठचं-पुढचं कुणी नाही, चर्च हद्दीपलीकडं सोलापुराकडं. सणाला रजा मागावी तर डॉक्टरसाहेब म्हणायचे, बाई, बाळंतिणी काय पंचांग बघून अडतात का? तेव्हा आपला नाताळ आपणच करायचा, आपला हात जगन्नाथ. ख्रिस्ती बाईनं असं म्हणावं का, हा प्रश्न ज्याला पडला असेल त्यानं पाद्र्याला विचारावा.

तर माझ्या काही युक्त्या होत्या. आदल्या दिवशी वाकळ उन्हात घालायची, म्हणजे रात्री पांघरताना उन्हाचा वास येतो आणि कुणीतरी आपली सोय केल्यासारखं वाटतं. जमीन सारवून घ्यायची. तुराट्यांची पाच टोकांची चांदणी बांधायची, तिला पतंगाचा कागद चिकटवायचा आणि ती आढ्याला टांगून खाली पणती ठेवायची. बाहेर नाही, आत. सुपात कडबा पसरून गव्हाण करायची. सुंठ घालून गुळाचा चहा मोठ्या पितळी गिलासात घ्यायचा, रोजच्या कपात नाही. दिवाळीतच एखादी वस्तू आणून, कागदात बांधून पेटीच्या तळाशी टाकायची आणि विसरून जायचं. विसरता येत नाही हो. पण नाताळला ती उघडताना तोंडाचा आ करता येतो, तेवढं जमतं. आणि गाणी म्हणायची ती उशीत तोंड खुपसून.

उशीत का, ते सांगायला कपाळाची गोष्ट सांगावी लागेल.

मी कुंकू लावत नव्हते. आमच्यात नाहीत लावत. गावात आले तेव्हा घरमालकांच्या बायकोनं माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं, च्च केलं आणि म्हणाल्या, "एवढ्या कवळ्या वयात!" त्यांनी मला विधवा ठरवून टाकलं. माझा नवरा मेला नव्हता, कारण मी नवरा केलाच नव्हता. पण मी गप्प बसले. विधवा म्हटल्यावर पुढचं कुणी विचारत नाही, कोण, कुठली, कुणाची. आणि विचारलं असतं तर माझ्या आज्याचं घर कुठल्या बाजूला होतं ते सांगावं लागलं असतं. ते गावाबाहेर होतं. एवढं सांगितलं की त्या काळात सगळं कळायचं.

घरमालकांना सगळे अण्णा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला अक्का. कर्नाटक जवळ, त्यामुळं आमच्याकडं घराघरात अण्णा आणि अक्का. मोठी शेती, भरलेलं घर, माणसं वाईट नव्हती. त्यांच्या परसातली खोली मला भाड्यानं होती. त्यांच्या लेकीचं बाळंतपण मी केलं होतं. बाळंतिणीच्या खोलीत सगळ्यांनाच विटाळ, तिथं कुणी जात विचारत नाही. जात विचारतात ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, आणि तो उंबरा अक्का मला, बिचारी विधवा म्हणून, ओलांडू द्यायच्या. माझ्या हातचं पाणी प्यायच्या. त्या पाणी प्यायल्या की मी दुसरीकडं बघायचे. रोज बघायचे. सवय झाली नाही कधी.

खरं काय ते एकट्या खालाला माहीत होतं. खाला म्हणजे बांगड्या भरणारी म्हातारी. माझ्या खोलीची मागची भिंत आणि तिच्या घराची भिंत एकच. गल्लीतल्या सगळ्या बायकांना, हिंदू असो मुसलमान असो, तिच्याच हातच्या बांगड्या लागायच्या. हात असा दाबायची की लोण्यातून गेल्यासारखी बांगडी जायची. तरुणपणी ती सिकंदराबादच्या छावणीत गोऱ्या मडमांना बांगड्या विकत फिरलेली. माझ्या पहिल्याच नाताळाला तिनं भिंतीतून माझं गाणं ऐकलं, उशीतलं सुद्धा, आणि सकाळी दारात येऊन हळूच म्हणाली, "बडा दिन है ना तेरा, बेटी?"

मी तिचे हात धरले. कुणाला सांगू नका म्हटलं. ती म्हणाली, "मैं कायकू बोलूँ?" आणि खरंच कधी बोलली नाही. उलट त्या वर्षापासून एक नवी युक्ती माझ्या नाताळात भरती झाली. मी रव्यामैद्याचं पीठ मळून द्यायचं, खालानं ते परातीत झाकून तिच्या मोहल्ल्यातल्या पाववाल्याच्या भट्टीवर न्यायचं, आणि संध्याकाळी नानकटाई होऊन ती माझ्या दारात यायची. गरम नानकटाई आणि सुंठेचा चहा. बाहेर थंडी, आत कडी लावलेली. राणीला काय सुख असेल!

पण ज्या वर्षाचं सांगायचं आहे ते वर्ष वेगळं होतं.

पलीकडं स्वातंत्र्य आलं होतं. सोलापुराकडं झेंडे लागले होते, आणि आमच्याकडं झेंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. हैदराबादच्या सडकेवरून मोटारलॉऱ्या जायच्या, त्यात बंदुका घेतलेले गस्तवाले. लॉरी गावाजवळ आली की तिचा आवाज बदलायचा, गियर पडायचा, आणि त्या आवाजाला गल्लीतली दारं धडाधड लागायची. अमक्या गावात धान्य नेलं, तमक्या गावात घरं जाळली, असं रोज कुणीतरी सांगत यायचं. खरं किती, खोटं किती, विचारायचं कुणाला? बैलगाड्या भरून माणसं हद्दीपलीकडं चालली होती. आणि खालाच्या मोहल्ल्यात तरी सुख होतं का? तिथंही माणसं जागी असायची. त्यांना वाटायचं, हद्दीपलीकडून टोळ्या येतील. सगळं गाव एकमेकांच्या भिंतीला कान लावून बसलं होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो आमच्या गावात राहायलाच आला होता.

मला वाटलं, या वर्षी नाताळ नको. पण मग वाटलं, नको का? एक दिवस तरी माझा असू दे. साखर रेशनवर होती, ती मी चहात न घालता साठवली. चोवीस तारखेला दुपारी पीठ मळलं आणि परात नेहमीपेक्षा जाड फडक्यानं झाकून खालाकडं दिली.

संध्याकाळी ऊन उतरलं तशी मी अण्णांच्या लेकीच्या नव्या बाळाची नाळ बघायला त्यांच्या घरात गेले. बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी भरली होती. लेक भिंतीकडं तोंड करून पडली होती, आणि अक्का कोपऱ्यातल्या कणगीत खांद्यापर्यंत हात घालून काहीतरी खाली दाबत होत्या. बघितलं तर सोनं.

"काय झालं, अक्का?"

"हळू बोला," त्या म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते. "उद्या त्यांचा मोठा दिवस हाय म्हणं. उद्या आपल्या गल्लीचं काय न्हाय ऱ्हात."

"कुणाचा मोठा दिवस?"

"त्या बांगडीवालीचा. तिच्या लोकांचा. धाकट्या भावजींनी कानानं ऐकलंय."

मला अजून उजेड पडला नव्हता. मी फक्त घाबरले. बाहेरच्या सोप्यात माणसं बोलत होती. दाराच्या फटीतून बघितलं, तर अण्णा जोत्यावर बसलेले, अण्णांचे धाकटे भाऊ उभे, गल्लीतली आणखी काही माणसं, भिंतीला काठ्या आणि कुऱ्हाडी टेकलेल्या, आणि मधोमध रॉकेलचा डबा. धाकटे मालक पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. काल ते पाववाल्याच्या शेजारच्या दुकानात रॉकेल आणायला गेले होते. तिथं म्हातारी पाववाल्याला म्हणाली.

"काय म्हणाली ते नीट सांग," अण्णा म्हणाले.

"म्हणली, परसों बडा दिन है. कल भट्टी ठंडी मत होने देव. माल दोपहर कू लाती मैं. किसीकू बोलो मत." धाकट्यांनी एकेक शब्द तोडून सांगितला. "आणि आज दुपारी परात झाकून गेली का न्हाय? म्या या डोळ्यांनी बघितली. परातीत काय व्हतं? भट्टीत काय भाजत्यात? आन कुणाला सांगू नको कशापायी?"

बडा दिन.

माझ्या हातातली कापसाची गुंडाळी खाली पडली. एकदम सगळं कळलं. कुणाला सांगू नको म्हणाली ती माझ्यापायी. माझं नाव झाकायला. आणि आमच्या गल्लीत कुणाला बडा दिन म्हणजे काय ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं. मराठीत नाताळ, आणि तोही कुणी पाहिलेला नाही. शब्दाचा अर्थ लावायला बसलं तर बडा म्हणजे मोठा आणि दिन म्हणजे दिवस. मोठा दिवस. त्या दिवसांत मोठा दिवस म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यासमोर दुसरं काय येणार?

"दोघं वळणावर ठेवलेत म्या," धाकटे म्हणाले. "म्हातारी परात घेऊन माघारी आली की तिथंच धरायची. मग अंधार पडला की भट्टी. त्यांनी करायच्या आधी आपण."

अण्णा नको म्हणाले असते तर मी या जन्मात कुणाला काही सांगितलं नसतं. पण ते डब्याकडं बघत राहिले, आणि बघता बघता त्यांनी होकाराची मान हलवली.

मी सोप्यात आले. पुरुषांच्या बैठकीत अशी कधी आले नव्हते. आणि आधी मी काय केलं? आधी मी चलाखी केली. वाटलं, अर्ध्या खऱ्यावर भागेल.

"अण्णा," म्हटलं, "बडा दिन म्हणजे सण असतो. इंग्रजांचा. साहेब लोकांचा. मिशनच्या दवाखान्यात शिकत होते तेव्हा बघितलाय मी."

धाकटे माझ्याकडं वळले. "इंग्रज गेला की, बाई. पलीकडनं गेला, तिकडनं गेला, आन आमच्या उमरग्यात त्याचा सण करायला कोन बसलाय? ही म्हातारी?"

कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं मला जास्त भीती वाटली. बाहेर उजेड कमी होत होता. खाला दिवेलागणीला येते. कधीही वळणावर आली असती.

आईशप्पथ सांगते, मला त्या क्षणी खालाचा विचार आला तेवढाच त्या खोलीचा आला. कुठं जाऊ, कोण घेईल मला, दवाखान्यात कळलं तर बायका मला हात लावू देतील का. अक्का माझ्या हातचं पाणी प्यायलेल्या. इतकं पाणी.

"मी बसलेय," मी म्हणाले.

"काय?"

"सण करायला. मी बसलेय. माझा सण आहे तो. मी ख्रिस्ती आहे. परातीत माझं पीठ होतं. नानकटाईचं. कुणाला सांगू नको म्हणाली ती माझ्यासाठी."

मागं खोलीच्या दारात अक्का येऊन उभ्या होत्या. त्या माझ्या कपाळाकडं बघत होत्या. मला वाटलं, आता शिवी येईल.

"म्हंजे तुमी विधवा न्हाय?" अक्का म्हणाल्या.

"नाही."

"न्हवताच कधी?"

"नाही, अक्का."

त्यांनी भिंतीला हात टेकला. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. विधवा नाही, मग कोण? ख्रिस्ती, म्हणजे आधी कोण? मनातल्या मनात एकेक पायरी उतरत त्या खाली आल्या, आणि शेवटच्या पायरीवर आल्या तेव्हा त्यांनी माझ्या बाजूचा पदर झटकन मागं घेतला.

"पढवून पाठवलंय हिला," धाकटे म्हणाले. "यांचं साटंलोटं दिसतंय."

अण्णा उठले. "दावा," ते मला म्हणाले. "सण हाय तर कुठं हाय? दावा."

मग ते सगळे माझ्या मागं परसातनं माझ्या खोलीवर आले, काठ्यांसकट. मी कुलूप काढलं. ज्या दाराला मी वर्षानुवर्षं आतून कडी घालत आले ते मी स्वतःच्या हातानं सताड उघडलं, आणि माझा नाताळ पुरुषांच्या जमावापुढं उघडा पडला. सारवलेली जमीन. आढ्याला लाल पतंगाच्या कागदाची चांदणी. घडी घातलेली वाकळ, उन्हाचा वास येणारी. पितळी गिलास घासून पालथा घातलेला. कागदात बांधलेली माझी मलाच भेट, सुतळीची गाठ मारून. मराठीतलं बायबल, आमच्या शास्त्राचं पुस्तक. आणि सुपातला कडबा. हे सगळं मला किती गोड वाटायचं एरवी. त्या माणसांच्या डोळ्यांनी बघितलं तर वेडीचा खेळ वाटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकट्यांनी पुस्तक उचललं, चाळलं, मराठी बघून खाली ठेवलं. अण्णा सुपाकडं बघत होते. "ह्ये काय?"

"गव्हाण. आमच्या देवाचा जन्म गोठ्यात झाला. आईला कुणी घरात जागा दिली नाही. म्हणून गव्हाणीत ठेवला."

"गोठ्यात?" मागून अक्का म्हणाल्या. त्या दाराबाहेर उभ्या होत्या, उंबऱ्यापासून हातभर लांब. "आन सुईण कोन व्हती?"

"कुणी नव्हती."

"अगं बाई," अक्का म्हणाल्या.

अण्णांनी काठी भिंतीला लावून ठेवली. भावाला म्हणाले, "जा. वळणावरच्यांना माघारी बोलव."

धाकटे जागचे हलले नाहीत. "परात तर उघडू," ते म्हणाले. "परात उघडल्यावर कळंल की."

मी धावले. माझ्या वयाच्या बाईला गल्लीतून लुगडं वर धरून पळताना आजवर कुणी बघितलं नसेल. अण्णांची हाक मागं ऐकू येत होती, कुणाला होती ठाऊक नाही. वळण दिसलं. आणि वळणावर खाला दिसली, डोक्यावर परात, एक हात परातीला, आणि दोन माणसं तिच्या अंगावर. एकानं तिचा दुसरा हात धरला होता. दुसऱ्याची काठी वर होती.

"सोडा तिला," मी ओरडले. "अण्णांनी सांगितलंय. सोडा."

काठी वरच राहिली. पण ज्यानं हात धरला होता त्यानं हिसका दिला, आणि बांगड्या फुटल्या. बांगड्या भरणारी बाई ती, कोपरापर्यंत कांकणं. एवढा आवाज झाला. परात कलंडली, फडकं उडालं, आणि नानकटाया धुळीत पडल्या, वाफ निघणाऱ्या. एक घरंगळत त्या काठीवाल्याच्या पायाशी गेली. तो तिच्याकडं बघत राहिला. काठी हळूहळू खाली आली. साप निघाला असता तर त्याला कळलं असतं काय करायचं. नानकटाईचं काय करायचं, त्याला कळेना.

अण्णा येऊन पोचले. त्यांनी खालाकडं बघितलं नाही. "चला घरी," ते माणसांना म्हणाले. सगळे गेले. जाताना एकजण वाकून दोन-तीन नानकटाया उचलून परातीत ठेवायला लागला, मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तशाच टाकून गेला.

त्या संध्याकाळी भट्टी जळाली नाही. पाववाल्याला कधी कळलंही नाही. पुढंही आमच्या गावात लई वाईट झालं, दोन्ही अंगांनी झालं, पण त्या दिवशी झालं नाही.

खालाला मी माझ्या खोलीत आणून वाकळेवर बसवलं. पाणी गरम केलं. पणतीच्या उजेडात चिमट्यानं तिच्या मनगटातल्या काचा काढायला लागले. ती ओठ मिटून बसली होती. एवढ्यात बाहेर पैंजणासारखं काही वाजलं. बघितलं तर अक्का. हातात पानावर हळद आणि जुन्या लुगड्याची धुतलेली चिंधी. त्या आत आल्या नाहीत. ते सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं, मागं सरकल्या आणि म्हणाल्या, "हळद दाबून भरा म्हणावं." मग जरा थांबून म्हणाल्या, "बाळाची नाळ उद्या कोन बघंल?"

"मी येईन, अक्का."

सकाळी अण्णांचा निरोप आला, खोली महिन्याभरात मोकळी करा. तोवर अक्कांनी माझा वेगळा तांब्या परसात ठेवून दिला होता. बाळाची नाळ मात्र मीच बघितली.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी खालाच्या काचा काढणं अजून चाललं होतं. मी तिच्यासमोर गिलासात सुंठेचा चहा ठेवला. तिनं तो हातात घेतला आणि प्यायली नाही. तिला कुणीतरी वाटेत सांगितलं असेल, किंवा कुणी सांगायची गरज नसेल. परात कशासाठी अडवली, भट्टीचं काय होणार होतं, सगळं तिला कळलं होतं.

"ये सब औरताँ," ती म्हणाली, "इन सबके हाथ मैं पकडी. शादी के दिन पकडी. गोद भरी तब पकडी." तिचं मनगट माझ्या मांडीवर होतं. एक बारीक काच खोल गेली होती आणि निघत नव्हती.

मग तिनं मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या डोळ्यांत भीती बघितली, आणि ती भीती बाहेरच्या माणसांची नव्हती, माझी होती.

"सच बोल, बेटी. तू सुनी तब तेरेकू बी लगा था क्या? एक दम भर? के खाला ऐसा करेगी?"

"नाही," मी म्हणाले.

ते खरं होतं. पण ते का खरं होतं ते काच शोधता शोधता माझ्या लक्षात येत गेलं. मी खालाला ओळखत होते म्हणून का? ओळखत तर अक्काही होत्या, माझ्याहून जुन्या. अण्णाही ओळखत होते. ज्यानं तिच्या बांगड्या फोडल्या त्याच्या बायकोच्या हातातही तिच्याच बांगड्या होत्या. मला कळलं ते सण माझा होता म्हणून. पाववाल्यापाशी खाला दुसऱ्या कुणाच्या सणाचं बोलली असती, मला ठाऊक नसलेला एखादा शब्द, तर मीही त्या ओव्याच्या धुरात अक्कांच्या शेजारी बसून कणगीत हात घातला असता.

खाला माझ्या तोंडाकडं बघत होती.

"नाही, खाला," मी पुन्हा म्हणाले, आणि या खेपेला तिच्याकडं बघायचा मला धीर झाला नाही.